अडतिसावी सूचना

"आता जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. बसला, तर हा वस्तरा खाली ठेवून धंदा बंद करतो," गिऱ्हाइकाच्या गालाला फेस फासत सलूनवाल्यांनी बजावलं. बाकावर नंबर लावून बसलेल्या निवृत्त हेडक्लार्कांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि कान टवकारले.

गोष्ट अशी. गल्लीच्या तोंडाशी घड्याळं दुरुस्त करणारे तात्या राहतात. त्यांना एकट्यानं संसार जमायचा नाही, हे त्यांच्या बायकोनं, म्हणजे माईंनी, वेळीच ओळखलं होतं. म्हणून जाण्यापूर्वी त्यांनी घरच्या कॉम्प्युटरवर आपल्या आवाजात शंभर सूचना बोलून ठेवल्या. दर रविवारी एकच ऐकायची, अशी सक्त ताकीद. तात्याही असे शिस्तीचे की पुढची सूचना चोरून ऐकण्याचं पाप त्यांच्या हातून कधी घडलं नाही. सदतिसावी सूचना होती, "अहो, घरात जे जे करकरेल त्याला थेंबभर तेल घालत जा. आणि एक महत्त्वाचं सांगायचं राहिलंच. ते पुढच्या रविवारी."

तात्यांनी दाराला, कपाटाला, खुर्चीला तेल पाजलं. गुरुवारी कॉम्प्युटरचा पंखा करकरला. आज्ञा म्हणजे आज्ञा. घड्याळवाल्याचा सराईत हात. पंख्याला एक थेंब, आणि शेजारच्या चकचकीत भागांना वाईट वाटू नये म्हणून त्यांनाही एकेक. कॉम्प्युटर जो गप्प झाला तो झालाच. त्रेसष्ट सूचना आत अडकल्या, आणि ते 'महत्त्वाचं' त्यातलं पहिलंच.

तात्यांनी तो डबा चादरीत गुंडाळून कंपनीच्या ग्राहक समाधान केंद्रात नेला.

"बिघाडाचं कारण?" खिडकीतल्या माणसानं मान वर न करता विचारलं.

"बायकोनं सांगितलं म्हणून तेल घातलं."

"आतल्या फाइली कुणाच्या?"

"तिच्याच. तिचा आवाज आहे त्यात."

"मग अर्ज त्यांनी करायचा. खासगी फाइली तिऱ्हाइताला देता येत नाहीत."

"तिऱ्हाईत? साहेब, चव्वेचाळीस वर्षं संसार केलाय!"

"तो तुमचा अनुभव झाला, काका. पुरावा नव्हे."

माई हयात नाहीत हे कळताच खिडकीतून सहानुभूतीचा नमुना 'क' बाहेर सरकला. दिवंगत मालकांसाठी खास सोय होती. यंत्राला मालकाचा आवाज ऐकवायचा. जुळला की फाइली मोकळ्या.

"अहो, पण तिचा आवाज या डब्यातच आहे!"

"मग तर काम सोपं झालं. कॉम्प्युटर सुरू करा आणि ऐकवा."

"बरोबरच आहे," हेडक्लार्क बाकावरून म्हणाले. "ओळख पटल्याशिवाय द्यायचं कसं?"

बरीच विनवणी झाल्यावर दुसरा मार्ग निघाला. माईंचा आवाज ओळखणारे दोन साक्षीदार आणायचे. माई बोलायला लागल्या की दोन गल्ल्यांत ऐकू जायचं, त्यामुळे तात्यांनी उत्साहाच्या भरात एकेचाळीस आणले. खिडकीतल्या माणसानं डोकी मोजली.

"एवढ्यांनी ऐकलेला आवाज खासगी कसा? हा सार्वजनिक आवाज झाला. वरच्या मजल्यावर जा."

वरच्या मजल्यानं जाहीर सूचना काढून हरकती मागवल्या. दोन आल्या. शेजारच्या वहिनींची एक, "त्यात माझ्याविषयी काहीतरी असणारच." दुसरी खुद्द तात्यांची. फॉर्मवर 'आपली काही हरकत?' या रकान्यात त्यांनी भाबडेपणानं लिहिलं होतं, 'होय, उशिराला आहे.' झालं! अर्जदार तात्याविरुद्ध हरकतदार तात्या अशी सुनावणी लागली. अर्जदारानं डावीकडच्या खुर्चीत बसायचं, हरकतदारानं उजवीकडच्या. तात्या डावीकडे बसले की उजवीकडचे गैरहजर. उजवीकडे बसले की डावीकडचे. चार तारखा अशाच गेल्या.

"दोघांना वेगवेगळी नोटीस गेली होती ना?" हेडक्लार्कांनी काळजीनं विचारलं.

"गेली होती. एकाच पाकिटातून."

"तिथंच चुकलं बघा. पाकिटं दोन हवी होती."

अकरा रविवार झाले. तात्या नेमानं आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून त्या मुक्या डब्यापुढे तासभर बसत आणि उठत. बाराव्या आठवड्यात ते केंद्रात गेले ते भांडायला नव्हेच. खिडकीशी वाकून एवढंच म्हणाले, "साहेब, ती काहीतरी महत्त्वाचं सांगत होती हो."

"आणि काय सांगू मंडळी," सलूनवाल्यांनी वस्तरा गिऱ्हाइकाच्या गळ्याशी आणला, "जेवणाच्या सुट्टीला पाच मिनिटं होती. खिडकीतल्या माणसानं मान वर केली. खुर्ची मागे सारली. उठला, दार उघडून बाहेर आला आणि तात्यांचा हात धरून म्हणाला, 'चूक आमची झाली, काका. द्या तो डबा, आत्ता फाइली काढून देतो...'"

"खोटं!" हेडक्लार्क ताडकन उभे राहिले. "साफ खोटं! दोन खुर्च्यांतले तात्या मी मुकाट गिळले, पण हे नाही हं चालायचं. उठला म्हणे! त्या त्रेसष्टच्या त्रेसष्ट सूचना अजून डब्यातच आहेत, स्टॅम्पपेपरवर लिहून देतो."

वस्तरा जागीच थांबला. बाकावरच्या सगळ्यांनी हेडक्लार्कांकडे पाहून माना डोलावल्या. गळ्याशी पातं टेकलेलं असताना खुर्चीतल्या गिऱ्हाइकानंही डोलावली. आणि तुम्हीसुद्धा.