झाकण उघडू नये

बायकोच्या निवृत्तीच्या दिवशी तिला स्वयंपाकघरात पाऊल टाकू द्यायचं नाही, असं जयवंतराव परबांनी ठरवलं आणि तिथेच सगळं चुकलं. ठरवण्याची त्यांना सवय नव्हती. पाणी खात्यात छत्तीस वर्षं ठरवायचं काम साहेबांचं होतं आणि घरात ते अंबिकाबाईंचं होतं. मधल्या वेळात जयवंतराव सही करायचे.

पण या वेळी गोष्ट मनाला लागलेली होती. दोन वर्षांपूर्वी ते स्वतः निवृत्त झाले, तेव्हा रिवाजाप्रमाणे ऑफिसची मंडळी हार, शाल, नारळ घेऊन त्यांना घरी सोडायला आली होती. चौदा माणसं. अंबिकाबाईंनी परळच्या इस्पितळातून हाफ डे घेतला, लॅबचा पांढरा कोट दाराला अडकवला आणि थेट ओट्याशी उभ्या राहिल्या. त्या दिवसाचे फोटो जयवंतरावांनी परवा मोबाईलवर पाहिले. एकशे बारा फोटो होते. त्यातल्या एका फोटोत कोपऱ्यात भज्यांची प्लेट धरलेलं एक कोपर दिसत होतं. तेवढीच अंबिका! जयवंतरावांना अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता शनिवारी अंबिकाबाई चौतीस वर्षांच्या नोकरीतून मोकळ्या होणार होत्या आणि लॅबची सात-आठ मंडळी त्यांना घरी सोडायला येणार होती.

"समोसे सांगून ठेवा, वेफर्स आणा, झालं," अंबिकाबाई म्हणाल्या.

"समोसे? तुझ्या रिटायरमेंटला? मी स्वयंपाक करणार," जयवंतराव म्हणाले.

अंबिकाबाईंनी आधी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला, मग विचारलं, "कसला?"

"काळ्या वाटाण्याचं सांबारं. तुझ्या आवडीचं. तू यायचंस, बसायचंस, जेवायचंस. बास."

या शौर्याचं उगमस्थान होतं एक विजेचं भांडं. बंगळुरूला नोकरी करणाऱ्या श्रेयानं, म्हणजे त्यांच्या लेकीनं, गेल्या वाढदिवसाला बाबांना स्लो कुकर पाठवला होता. (बाबा रिकामे असतात, असं त्यामागचं गृहीतक. ते खरं होतं.) सोबत नवशिक्यांसाठी चाळीस पानी पुस्तिका होती. जयवंतरावांनी ती हातात पेन घेऊन तीनदा वाचली, महत्त्वाच्या ओळी अधोरेखित केल्या आणि समासात खुणा केल्या. त्यातलं एक वाक्य त्यांना फारच भावलं: सकाळी सगळं घाला, विसरून जा, संध्याकाळी जेवा. विसरून जाणं हे कौशल्य असतं आणि ते आपल्यात आहे, हे साठाव्या वर्षी पहिल्यांदाच कोणीतरी लेखी कबूल केलं होतं.

पुस्तिकेत नियम एकच होता, तोही ठळक अक्षरांत. झाकण उघडू नका. एकदा उघडलं की आतली सगळी वाफ जाते आणि शिजायला अर्धा तास जास्त लागतो.

शनिवारी सकाळी सातला अंबिकाबाई ड्युटीवर गेल्या. रात्रभर भिजवलेले वाटाणे, वाटप, मालवणी मसाला, मीठ, आमसुलं, पाणी, असं सगळं जयवंतरावांनी सव्वासातला भांड्यात घातलं. (वाटप अंबिकाबाईंनीच करून फ्रीजमध्ये ठेवलेलं होतं, पण इतिहासात अशा गोष्टींची नोंद होत नाही.) आठ तास. म्हणजे सव्वातीनला तयार. मंडळी साडेपाचला येणार. दोन तास हातात! जयवंतरावांनी खबरदारी म्हणून एका कागदावर सुवाच्य अक्षरात 'झाकण उघडू नये. हुकमावरून' असं लिहून तो झाकणाला चिकटवला आणि ते पेपर वाचायला बसले.

आता सांगायची गोष्ट अशी, की परबांची चाळ पाडून तिथे बावीस मजली टॉवर उभा राहिला, लिफ्ट आली, वॉचमन आला, पण माणसं तीच राहिली. दारं आजही दिवसभर सताड उघडी असतात. आणि लालबागमध्ये एखाद्या भांड्यावर 'उघडू नये' असं लिहिणं म्हणजे बाप्पाला 'दर्शन बंद' अशी पाटी लावण्यासारखं आहे.

नऊ वाजता शेजारच्या नलूकाकी आल्या. वय अठ्ठ्याहत्तर, चष्मा जाड, नाक तीक्ष्ण.

"जयवंता, काय रे शिजवतंस? वास येता."

"वाटाणे, काकी. त्या कागदावर काय लिहिलंय ते—"

"माका वाचूक चष्मो बदलूक लागता," असं म्हणत काकींनी झाकण उचललंसुद्धा. भस्सकन वाफ गेली. काकींनी एक वाटाणा बोटांत धरून दाबला. "अरे मेल्या, आमसुला आत्ताच घातलंस? आंबट पडला की वाटाने शिजनत नाय!"

"पुस्तकात लिहिलंय, सगळं एकदम घाला."

"पुस्तकवाल्यान काळो वाटानो बगलो हा काय?"

हा प्रश्न बिनतोड होता. काकी गेल्या. जयवंतरावांनी कागदावर लिहिलं: सुधारित वेळ, दुपारी तीन पंचेचाळीस.

साडेदहाला समोरचा दीपक आला. हा जिममध्ये ट्रेनर. "काका, काय वास सुटलाय! प्रोटीन आहे ना?" म्हणत त्यानं झाकण उचललं, आत डोकावला, एक वाटाणा तोंडात टाकला आणि त्याचा चेहरा दात दुखल्यासारखा झाला. "एक नंबर, काका," एवढं म्हणून तो घाईघाईनं गेला. सुधारित वेळ, चार पंधरा.

अकराला धुणंभांड्याला राधाबाई आल्या. त्यांनी कागद नीट वाचला. "उघडायचं नाही होय? बरं," म्हणाल्या आणि का उघडायचं नाही ते बघायला उघडलं. चार पंचेचाळीस.

आता जयवंतराव स्टूल घेऊन भांड्यासमोर पहाऱ्यालाच बसले. पण माणूस एकटा बसला की त्याच्या मनात नको ते येतं. मीठ घातलं होतं ना आपण? घातलं होतं. नक्की? छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी अनेक फायली पुन्हा उघडून पाहिल्या होत्या, त्यातलाच हा प्रकार. त्यांनी इकडेतिकडे बघून झाकण उचललं. मीठ होतं. सव्वापाच.

तेवढ्यात श्रेयाचा व्हिडिओ कॉल आला. "बाबा, कसं चाललंय? दाखवा ना!"

जयवंतरावांनी उत्साहानं फोन एका हातात धरला आणि दुसऱ्या हातानं झाकण उचललं. "हे बघ!"

"बाबा! झाकण काय उघडताय?" श्रेया किंचाळली. "काचेचंच तर आहे ते, आरपार दिसतं!"

ही गोष्ट तोपर्यंत कोणाच्याही लक्षात आलेली नव्हती. काचेवर मोठा कागद चिकटवलेला होता ना! पावणेसहा. म्हणजे मंडळी येऊन पंधरा मिनिटं झाल्यावर. तेवढा वेळ पाणी देण्यात जाईल, असा हिशेब करून जयवंतराव आंघोळीला गेले.

बाहेर येऊन पाहतात तर काचेचं झाकण ओट्यावर, आणि भांड्यावर स्टीलचं खोलगट ताट, ताटात काठोकाठ पाणी. शेजारी नलूकाकी कमरेवर हात ठेवून उभ्या.

"वर पानी नको? आमच्या सासूबाय भुश्याची शेगडी पेटवून, वर असा पानी ठेवून मिलात जायत. रिसेस झाली की गरमगरम उसळ. तेवाचो तुमचो स्लो कुकर ह्यो!"

"काकी, ताट कधी ठेवलंत?"

"तू न्हानीत गेलंस तेवा. मदी दोनदा बगलंय. आजून दगडच."

जयवंतराव स्टुलावर मटकन बसले. आता सुधारित वेळ लिहायला कागदावर जागा नव्हती.

साडेपाचला त्यांनी एक वाटाणा दाताखाली धरला. कट्ट असा आवाज झाला. वाटाण्याचा झाला की दाताचा, हे तपासायला वेळ नव्हता, कारण लिफ्टचं दार उघडलं आणि मंडळी आली. पुढे अंबिकाबाई, गळ्यात हार, खांद्यावर शाल, डोळे रडून लाल. मागे हातात नारळ घेतलेला संघर्ष, लॅबमधला सगळ्यात ज्युनियर टेक्निशियन, आणि त्याच्यामागे सहा जण.

"बस," जयवंतराव म्हणाले.

"अहो, पाणी तरी—"

"अंबिका, बस म्हटलं ना!" एवढ्या मोठ्या आवाजात ते आयुष्यात पहिल्यांदा बोलले होते. अंबिकाबाई घाबरून सोफ्यावर बसल्या.

जयवंतरावांनी सगळ्यांना पाणी दिलं. मग पुन्हा पाणी दिलं. तिसऱ्यांदा पाण्याचा ट्रे घेऊन आले तेव्हा संघर्ष म्हणाला, "काका, मॅडम सांगत होत्या, आज तुम्ही काहीतरी स्पेशल केलंय."

"हो. म्हणजे... प्रकरण प्रक्रियेत आहे."

अंबिकाबाईंनी ओळखलं. चौतीस वर्षं रक्ताचे नमुने तपासलेल्या बाईला नवऱ्याच्या चेहऱ्याचा रिपोर्ट वाचायला कितीसा वेळ लागणार? त्या पदर खोचून उठल्या. जयवंतराव स्वयंपाकघराच्या दारात दोन्ही हात पसरून आडवे उभे राहिले.

"नाही म्हणजे नाही. आज आत यायचं नाही."

"अहो, लोक उपाशी जातील!"

"जाऊ देत. पण तू आज बसायचंस." त्यांनी पसरलेले हात खाली घेतले नाहीत. "माझ्या वेळी तू एकाही फोटोत नाहीस, अंबिका. मी सगळे बघितले."

आणि नेमक्या त्याच वेळी उघड्या दारातून नलूकाकी आल्या. त्यांच्या हातात घावनांची चळत होती, चांगली वीतभर उंच.

"वाटानो दाबून बगलंय तेवाच पीठ भिजवूक घातलंय," त्या म्हणाल्या.

मागोमाग दीपक बटाट्याच्या भाजीचं पातेलं घेऊन आला. ("आईनं दिलंय, काका. मी सकाळीच तिला बोललो, वाटाणा दात पाडेल.") त्याच्यामागे राधाबाई, पिशवीत जिलबी. सकाळपासून ज्यानं ज्यानं झाकण उघडलं होतं, त्यानं त्यानं काहीतरी आणलं होतं. एकट्या जयवंतरावांचा सोडून साऱ्या मजल्याचा त्या वाटाण्यांवरचा विश्वास सकाळीच उडाला होता.

वाटाणे कच्चे होते, पण रस्सा? रस्सा झक्कास उतरला होता! राधाबाईंनी तो चाळणीतून गाळून दिला. घावन रश्शात बुडवून मंडळींनी असा काही हात मारला, की बघत राहावं. "काका, रस्सा तोडलात!" संघर्ष म्हणाला. जयवंतरावांना आधी ते तक्रारीसारखं वाटलं, मग वाटी पुन्हा पुढे आली तेव्हा ते खुलले. फोटो निघाले. सगळ्या फोटोंत अंबिकाबाई मधोमध, हातात बशी, ओठाला रस्सा. दोनदा त्या बश्या उचलायला उठल्या आणि दोन्ही वेळा राधाबाईंनी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं. "बसवतच नाही हो मला," असं म्हणता म्हणता अंबिकाबाई रडल्या आणि रडता रडता त्यांनी आणखी एक घावन घेतलं.

पाहुणे गेल्यावर जयवंतरावांनी वाटाणे आणि उरलेला रस्सा पुन्हा भांड्यात घातला, झाकण लावलं, बटण चालू केलं आणि जाहीर केलं, "आता सकाळपर्यंत कोणी हात लावायचा नाही. यंत्रात दोष नाही. दोष झाकणात आहे." मग पाठ टेकताच ते घोरायला लागले.

रविवारी आठला उठून त्यांनी झाकण उघडलं आणि आरोळीच ठोकली. वाटाणे शिजले होते! कसे? लोण्यासारखे! बोटानं दाबला तर पीठ. रस्सा दाट, वर लाल तवंग.

"अंबिका! ए अंबिका! बस तिथे. उठू नकोस."

अंबिकाबाई गुमान टेबलाशी बसल्या. जयवंतरावांनी वाटी भरून वाढली, वर खोबरं भुरभुरवलं, शेजारी पाव ठेवला. अंबिकाबाईंनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

"कसं झालंय?"

"फार छान. मऊ झालेत अगदी." त्यांनी पावाचा तुकडा रश्शात बुडवला. "असं गरम वाढून दिलेलं मी कधी खाल्लं होतं, आठवतच नाही हो."

जयवंतरावांची छाती फुगली. "संयम, अंबिका, संयम! तुम्ही बायका घाई करता. धडधड शिट्ट्या, गॅस मोठा, चव कुठून येणार? मंद आच आणि बंद झाकण, एवढंच शास्त्र आहे. मी तर म्हणतो, तो प्रेशर कुकर आता माळ्यावर टाकू."

"टाकू," अंबिकाबाई वाटीत बघत म्हणाल्या.

तेवढ्यात घावनांचं ताट परत न्यायला नलूकाकी आल्या. त्यांनी न विचारता एक वाटाणा उचलला, दाबला, तोंडात टाकला आणि मान डोलावली. मग खुर्ची ओढून बसल्या.

"काय गो अंबिका, पहाटे पाचाक कुकर कोनाचो वाजी होतो? माजी झोप मोडली. धा शिट्ट्यो मोजलंय मी, धा!"

"खालच्या मजल्यावर असेल," जयवंतराव तुच्छतेनं म्हणाले. "लोकांना धीरच नाही."

"दहा कुठल्या, काकी!" अंबिकाबाई एकदम उसळून म्हणाल्या. "दहा दिल्या तर लगदा होईल. सातच दिल्या मी..."

आणि मग त्यांनी पावाचा मोठा तुकडा तोंडात कोंबला.

जयवंतराव हातात डाव घेऊन तसेच उभे राहिले. नलूकाकींनी मात्र समाधानानं दुसरा वाटाणा उचलला.

"सात? मगे बरोबर," त्या म्हणाल्या. "काळ्या वाटान्यांक सातच लागतत."