नानांचा सासरा आणि जावई

होळीनंतरचा पहिला रविवार, सकाळ. स्थळ: आमच्या इमारतीचं पार्किंग, देवपूर, धुळे. विषय: गच्चीवर सोलर बसवणे. हजर: सचिव म्हणून मी, तिसऱ्या मजल्यावरच्या अक्का, बाकी बहुतेक घरांतलं एकेक माणूस, सोलरवाला तरुण, पहिल्या मजल्यावरचे नाना, आणि कोळशाचा एक मोठा खडा.

खडा नानांनी आणला होता. फडक्यातून काढून त्यांनी तो टेबलावर, सोलरच्या माहितीपत्रकावर ठेवला आणि म्हणाले, "याची पण हजेरी लावा, ताई. आजचा इषय याचाच शे."

नाना भुसावळकडच्या औष्णिक वीज केंद्रातून निवृत्त झालेले. उभा जन्म बॉयलरपाशी गेला. नानी गेल्यापासून एकटेच राहतात. एरवी शुद्ध मराठी बोलतात, पण विजेचा विषय निघाला की मधूनच अहिराणीवर येतात. इंधनांबद्दलची त्यांची मतं ठाम आहेत आणि ती सगळी नात्यागोत्यात मांडलेली आहेत.

"कोयसा म्हंजे सासरा शे. कुरकुर करस, धूर काढस, पन घर चालाडस. सूर्य म्हंजे जवाई. दिनभर मिरवस, संध्याकायले पयी जास. ढग दिसनात का फुगी बसस." साक्रीच्या डोंगरावरच्या पवनचक्क्या पाहून आल्यावर त्यांनी वाऱ्याचाही निकाल लावला होता: "तो मेव्हणा शे. मन व्हयनं तं काम करस, नही तं नुसता उभा ऱ्हास."

सोलरवाल्याने नम्रपणे सांगितलं, "नाना, कोळसा एक दिवस संपणार. ऊन संपत नाही. शिवाय धूर नाही."

"संपतं म्हणून तर माणूस जपून वापरतो," नाना म्हणाले. "जे संपतच नाही, त्याची किंमत कोण ठेवतो?"

पोरगा कोळशाखालचं माहितीपत्रक ओढायला लागला. अक्कांनी विचारलं, "नाना, तुमनं आंघोयनं पानी कोन तपाडस? गच्चीवरनी कायी बादली कोनी शे?"

सगळे हसले. नाना रोज सकाळी गच्चीवर उन्हात काळी बादली ठेवतात आणि दुपारी गरम पाण्याने अंघोळ करतात, हे सगळ्यांना माहीत आहे.

"जवाईले हलकं काम सांगानं ऱ्हास," नाना म्हणाले. कोळसा फडक्यात बांधता बांधता त्यांनी सोलरवाल्याला एकच प्रश्न विचारला, "बाहेरची लाइट गेली तर?"

"बॅटरी घेतली तर लिफ्ट चालू, मोटर चालू, प्रत्येक घरात दिवा-पंखा चालू. लाइट गेलेली कळणारसुद्धा नाही."

"मी सही करणार नाही," नाना म्हणाले आणि खुर्ची उचलून निघून गेले.

आमच्याकडे गच्चीच्या कामाला सगळ्यांची सही लागते. अक्कांचे गुडघे गेलेले, लाइट गेली की त्या वर अडकतात किंवा खाली. म्हणजे एका माणसाच्या हट्टापायी लिफ्टचं काम अडलं होतं. मी मुद्दे काढले: बिल, धूर, धुळ्याचं ऊन, अक्कांचे गुडघे. बुधवारी दुपारी ते मुद्दे आणि संमतीचा कागद घेऊन खाली निघाले, तेवढ्यात लाइट गेली.

नानांचं दार उघडं होतं. ते आरशासमोर उभे राहून भांग पाडत होते. बनियनवर इस्त्रीचा शर्ट चढवला होता. दारात खुर्च्या मांडलेल्या, पाण्याचा तांब्या भरलेला, गॅसवर चहाचं आधण. मला पाहून म्हणाले, "या ताई, आज तुमचा पहिला नंबर. थांबा, भुसावळला विचारतो."

आमच्याकडे लाइट गेली की नानांना विचारायची पद्धतच आहे. नाना भुसावळला फोन लावतात आणि लाइट केव्हा येईल ते सांगतात. फोन होताना मी मात्र कधी समोर नव्हते. नानांना कमी ऐकू येतं, म्हणून फोनचा आवाज मोठा होता.

"आबा, लाइट कव्हय येई रे?"

"माले काय माहीत? मी बी तुनासारखाच रिटायर शे," पलीकडून आबा म्हणाले. "जेवना का?"

"जेवनू. तू?"

"वांगानं भरीत करं व्हतं. तिखं व्हयी गयं."

"एकट्याले कितलं मिरची टाकानं ते समजत नही," नाना म्हणाले. "बरं, ठेवस."

बाजारातून येऊन जिन्यातच टेकलेल्या अक्कांचा आवाज आला, "नाना, कितला टाइम?"

"अर्धा तास, अक्का! भुसावयले इचारी लिधं. बसा, चहा ल्या!"

हळूहळू दार भरलं. कुणी जिन्यात, कुणी खुर्चीत. नाना कपबशा फिरवत होते, बॉयलरचे किस्से सांगत होते, आणि कुणालाही जायची घाई नव्हती. मग वर पंखा फिरायला लागला. "आली, आली!" सगळे उठले. चहा अर्धा तसाच राहिला. अक्कासुद्धा लिफ्टकडे गेल्या.

नाना कपबशा गोळा करायला लागले. मी कागद पर्समध्ये ढकलत होते, तो त्यांनी पाहिला.

"द्या इकडे."

"नाना, घाई नाही."

"अक्का किती वेळ जिन्यात बसून राहते, पाहिलं ना? मला बरं वाटतं म्हणून तिने बसायचं का?" त्यांनी सही केली. "बॅटरी चांगली घ्या. स्वस्तातली नको."

आता सोमवारी गच्ची मोजायला माणूस येणार आहे. बाकी सगळी कामं उरकली. एक राहिलंय. बॅटरी बसल्यावर नानांचं दार कुणी कशाला वाजवील? म्हणून परवा लाइट असताना मी मुद्दाम गेले. दारात उभी राहिले, काही सुचेना. विचारलं, "नाना, गवार कशी मिळाली?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. "मी गवार आणली नाही, ताई." मग माझ्यासाठी खुर्ची सरकवून म्हणाले, "भाव विचारून ठेवू का?"

मी हो म्हटलं. आमच्या घरी गवार कुणी खात नाही. तेव्हा नानांना विचारायला याहून बरं काहीतरी शोधणे, हे काम बाकी आहे.