अंगावरचं लोखंड

सुनेच्या मदतनिसाचा पाय नेमका त्याच सकाळी मुरगळला आणि निवृत्त सासरेबुवांना एकदम तरतरी आली.

"मी चालतो ना," चहाचा कप खाली ठेवत ते म्हणाले. "जन्मभर टपाल वाटलंय. माझ्याइतकं सरळ चालणारा मिळणार आहे का तुला?"

सुनेचं हे पहिलंच स्वतंत्र काम. वसाहतीच्या कडेला एक माळ होता. पूर्वी तिथे शहराचा कचरा टाकत, मग वर माती लोटली, गवत उगवलं आणि सगळे विसरले. आता त्याच्या एका कोपऱ्यात मुलांसाठी बाग करायची होती. खाली कचरा कुठवर पसरलाय, ते न खणता सांगायचं. कोपरा स्वच्छ निघाला तर बाग होणार आणि शहरातल्या बाकीच्या जुन्या कचरा-जागांचं कामही सुनेला मिळणार. नाहीतर बागही बोंबलली आणि सूनही. दुपारी पालिकेचे अभियंते निकाल ऐकायला येणार होते, त्यामुळे घरात सकाळपासून परीक्षेचं वातावरण होतं.

यंत्र म्हणजे खांद्याला अडकवायचा लांब दांडा आणि त्याच्या पुढच्या टोकाला एक नळकांडं. जमिनीखालचं लोखंड त्याला वरूनच कळतं; लोखंड जितकं मोठं किंवा जवळ, तितका आकडा चढतो. पण ते मोठं संशयी. चालणाऱ्याच्या अंगावर साधी टाचणी असली तरी बिथरतं. म्हणून सासूबाईंना फाटकाशी खुर्ची टाकून बसवलं आणि मांडीवर प्लास्टिकचा टब दिला. अंगावरचं सगळं लोखंड त्यात जमा करायचं. सासूबाईंना असा अधिकार मिळाला की मग बघायला नको. आधी स्वतःच्या किल्ल्या टबात टाकून त्यांनी नवऱ्याकडे मोर्चा वळवला.

"पट्टा काढा. घड्याळ. तो चष्मा दाखवा."

"चष्म्याशिवाय सरळ कसा चालू?"

"प्लास्टिकचा आहे, असू दे. अजून काही?"

"काही नाही," सासरेबुवा म्हणाले, आणि हे धादांत खोटं होतं. त्यांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात पत्र्याचा एक चपटा डबा होता आणि डब्यात क्रीमची बिस्किटं होती. डॉक्टरांनी त्यांना साखरेचा आजार सांगितल्यापासून सासूबाईंनी घरातून गोड हद्दपार केलं होतं. "यांना बंद, तर मलाही बंद," असं त्या आल्यागेल्याला अभिमानाने सांगत. आता अशा बाईच्या टबात बिस्किटांचा डबा कोण टाकणार? एवढ्याशा डब्याने काय होतंय, असं म्हणून सासरेबुवा चालू लागले.

आणि चालले मात्र झकास. सुनेने माळभर ताणलेल्या दोरीला धरून जायचं, वळायचं, परत यायचं. डबा नळकांड्यापासून लांब होता, म्हणून यंत्रानेही फार कुरकुर केली नाही. शेवटी ते बागेच्या कोपऱ्यात, झाडाआड पोचले. इथून फाटक दिसत नव्हतं. म्हणजे फाटकातूनही इथलं दिसत नव्हतं. त्यांनी दांडा उभा करून काखेत धरला, नळकांडं नाकासमोर आलं, त्याच्यावरच डबा टेकवला आणि निवांत बिस्किटं खाल्ली. यंत्र बंद करायचं असतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

फाटकाजवळ घातलेल्या मांडवात सुनेने यंत्राच्या आकड्यांचा नकाशा लॅपटॉपवर उघडला. कचऱ्याचा भाग रंगीबेरंगी, कोपरा छान हिरवा, आणि त्या हिरव्याच्या मधोमध एक लालभडक ठिपका. तेवढ्यात अभियंते मागे येऊन उभे राहिले.

"ड्रम," ते म्हणाले. "रसायनाचे ड्रम पुरलेत. मला वाटलंच होतं."

मग काय, एकच धांदल उडाली. अभियंत्यांनी अग्निशमन दल बोलावलं. गाडी आली तशी मागोमाग वसाहत आली. कुणी पिवळी पट्टी बांधली, कुणी तोंडाला रुमाल बांधले. एका आजोबांना तर लहानपणीच इथे ड्रम पुरताना पाहिल्याचं आठवलं. खणायचं यंत्र घरघरत फाटकाशी येऊन थांबलं.

"कुठे सापडलंय म्हणे?" सासरेबुवांनी उत्साहाने विचारलं.

"त्या झाडाआड, बाबा."

सासरेबुवांचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला. "अगं, लहानसं काहीतरी असेल. डबाबिबा."

"जमिनीखालच्या डब्याने एवढा आकडा येत नाही."

"बाग रद्द," अभियंते म्हणाले. सून नुसती लॅपटॉपकडे बघत राहिली. ते सासरेबुवांना पाहवेना. एकीकडे सुनेचं पहिलं काम, दुसरीकडे बायको. शेवटी त्यांनी खिशातून डबा बाहेर काढला.

"ते ड्रम नाहीत, साहेब. ती माझी बिस्किटं आहेत."

सासूबाई गर्दीतून वाट काढत आल्या, डबा हातातून घेतला आणि टबात टाकला. "घरी या, मग बोलू," एवढंच म्हणाल्या.

"सुनेला वाचवायला रचलेली गोष्ट आहे ही," अभियंते म्हणाले.

"मग माझ्याबरोबर चला," सून उसळून म्हणाली. तिने स्वतःच यंत्र खांद्याला लावलं. अभियंते घड्याळ-पट्टा टबात टाकून आकडे बघायला शेजारी, आणि "कुठे उभं राहून खाल्लं ते बघतेच" म्हणत, टब फाटकाशी ठेवून, पर्स काखेत मारून सासूबाई मागोमाग. आकडा शांत होता. अर्धा कोपरा झाला, तरी शांत. झाडाजवळ सून वळली, सासूबाई वाकून जमीन बघायला पुढे झाल्या, आणि आकडा उसळला. लांबून बघत आलेले लोक मागे पळाले. सुनेचे डोळे भरून आले.

सासरेबुवा मात्र बायकोकडे बघत होते.

"अगं, जरा चार पावलं मागे हो."

"का म्हणून?"

"हो तर."

त्या मागे झाल्या. आकडा खाली आला. पुढे आल्या, आकडा चढला.

"पर्समध्ये काय आहे?"

"किल्ल्या आहेत."

"किल्ल्या टबात आहेत. तूच टाकल्यास."

पर्स उघडली. आत पत्र्याचा चपटा डबा होता, तस्साच, आणि निम्मा रिकामा. अभियंत्यांनी एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा दोघांकडे पाहिलं आणि खणायचं यंत्र परत पाठवलं. बाग मंजूर झाली. सून हसतही होती आणि डोळेही पुसत होती.

"मला चोरून खायला लावलंस," सासरेबुवा दुखावून म्हणाले, "आणि स्वतः?"

"तुमच्यासमोर खाल्लं असतं तर तुम्हाला वाईट वाटलं असतं," सासूबाई खाली बघत म्हणाल्या.

सासरेबुवांचा राग विरघळला. ते बायकोजवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "तुझी चॉकलेटची का गं?"

त्यांचा हात डब्याकडे गेला, पण मध्ये प्लास्टिकचा टब आला. यंत्र खाली ठेवून सुनेने तो पुढे धरला होता.

"लोखंड इथे ठेवा, आई," ती म्हणाली. "बिस्किटांसकट."