सातासमुद्रापारहून आलेला कान

एका जंगलात, म्हणजे जिथे मोबाइलला रेंज फक्त वडाखाली मिळते अशा एका जंगलात, नाना नावाचे ससे राहत होते. मुलांनो, ससा एकच होता. वयाने मोठा होता, म्हणून आपण मान देतो आहोत.

नानांचा डावा कान गेला होता. दिसायला होता, चांगला लांबलचक होता, पण ऐकण्याच्या कामाचा नव्हता. माणसाचं अशाने फारसं अडत नाही. सशाचं अडतं, कारण जंगलात बिबट्या असतो. दोनदा तो नानांच्या डावीकडून आला आणि दोन्ही वेळा नानांची बायको कृष्णाबाई किंचाळली म्हणून नाना वाचले. तेव्हापासून ती बिचारी कायम त्यांच्या डाव्या बाजूलाच चरायची. तिथलं गवत संपलं तरी तिथेच.

एके दिवशी नानांना मोबाइलवर जाहिरात दिसली. 'सातासमुद्रापारचं ऐकण्याचं यंत्र! पान पडलं तरी ऐकू येईल!' सोबत एका परदेशी सशाचा हसरा फोटो होता.

शेजारच्या कपारीत गोदाताई घोरपड राहायच्या. कुठलाही कागद हातात आला की शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय सोडायच्या नाहीत. त्यामुळे त्यांना फारशा मैत्रिणी नव्हत्या.

"नाना, दुकानदाराचा पत्ता काय?" त्यांनी विचारलं.

"सातासमुद्रापार."

"अहो, ही दिशा झाली. वस्तू खराब निघाली तर परत कुठे पाठवायची?"

"खराब कशाला निघेल? फोटो बघा की!"

"बरं, पैसे तरी वेबसाइटमार्फतच भरा. म्हणजे गडबड झाली तर परत मागता येतात. थेट त्याच्या खात्यात टाकू नका."

"थेट टाकले तर वीस टक्के सूट आहे, ताई."

सूट म्हटलं की त्या जंगलात वाघसुद्धा गप्प बसायचा.

नानांनी आणखी एक हुशारी केली. वेशीवरचं रानडुक्कर परदेशी मालावर जकात घ्यायचं. म्हणून त्यांनी दुकानदाराला पाकिटावर 'भेटवस्तू' असं लिहायला सांगितलं. दुकानदार एका मिनिटात तयार झाला. इतका समजूतदार दुकानदार नानांनी जन्मात पाहिला नव्हता.

थंडीत परदेशी बदकं आली, त्यांच्याबरोबर पाकीट आलं.

"उघडताना व्हिडिओ काढा," गोदाताई म्हणाल्या. "आणि त्याआधी त्याला काही करू नका!"

पण असं कसं चालेल? घरात नवी वस्तू आली की आधी पूजा, मग बाकीचं. कृष्णाबाईने पाकिटावर ठसठशीत कुंकवाचं स्वस्तिक काढलं. हळद लावली, अक्षता टाकल्या, नारळ फोडला आणि त्याचं पाणी चहूबाजूंनी शिंपडलं. नानांनी जंगलभर पेढे वाटले. वानराने दोनदा रांग लावली. मग पाकीट उघडलं.

आत शंख होता. त्याला बांधायला सुतळी होती.

नानांनी तो डाव्या कानाला बांधला. काहीच ऐकू आलं नाही. उजव्या कानाला बांधला. समुद्राची गाज ऐकू आली आणि बाकी सगळं ऐकू यायचं बंद झालं.

नानांनी रागारागाने दुकानदाराला फोटो पाठवले. उत्तर आलं, 'वस्तूवर लाल-पिवळे डाग, ओल आणि तांदूळ आढळले. वापरलेला माल परत घेतला जात नाही.'

मग नाना जंगलाच्या ग्राहक मंचाकडे गेले. तिथे घुबड बसायचं. मंचाची वेळ दिवसाची असल्यामुळे ते पेंगत होतं. त्याने एक डोळा उघडून पाकीट पाहिलं.

"यावर भेटवस्तू लिहिलंय. भेटीची कसली तक्रार करता? देणाऱ्याला आधी आभाराचं पत्र लिहा."

परतताना पाणवठ्यावर सगळे भेटले. "काय नाना, कसं आहे यंत्र?" कुणाकुणाच्या मिशांना अजून पेढा लागलेला होता. नानांना फार लाज वाटली.

"एकदम झकास!" ते म्हणाले.

महिन्याभरात सांबर, वानर, भेकर, सगळ्यांनी यंत्रं मागवली. ज्यांचे कान ठणठणीत होते त्यांनीही मागवली, तीही प्रत्येक कानाला एक.

आता चारचौघांत नानांना शंख बांधावाच लागे, तोही उजव्या कानाला; निदान तिथे काहीतरी ऐकू तरी यायचं. असेच एका सकाळी ते पाणी पीत असताना बिबट्या आला.

"अहो, पळा!" कृष्णाबाई किंचाळली.

"हो हो, लाटाच आहेत," नाना हसून म्हणाले.

तिने त्यांच्या अंगावर उडी घेतली. दोघं गडगडत करवंदीच्या जाळीत पडली. नाना वाचले. बिबट्याचा पंजा तिच्या पाठीवर बसला होता.

तिच्या जखमेवर पाला बांधताना नाना ढसाढसा रडले. मग त्यांनी शंख दगडावर आपटून फोडला आणि पाणवठ्यावर सगळ्यांना गोळा केलं.

"मी खोटं बोललो. हे यंत्र नाही. मला फसवलं, तुम्हालाही फसवलं. चला, मिळून तक्रार करू!"

"तुम्ही चाळीस जण आहात," गोदाताई म्हणाल्या. "एकाची तक्रार टाळता येते. चाळीस जणांनी लिहिलं तर तिकडच्या सरकारलाही दखल घ्यावी लागेल."

पण प्रत्येकाने पेढे वाटले होते. सांबराने तर जेवणावळ घातली होती.

"नाना, तुम्हाला वापरता येत नसेल," सांबर म्हणालं.

"आम्हाला तर व्यवस्थित ऐकू येतं," वानर म्हणालं.

"चांगल्या दुकानाची बदनामी करता?" भेकर म्हणालं.

आणि नानांना खोटं ठरवायला सगळ्यांनी आपापले शंख दोन्ही कानांना घट्ट आवळले.

मागच्या झुडुपात काटकी मोडली. कृष्णाबाईने मान वळवली, नानांनी वळवली, गोदाताईंनी वळवली. तिघं जिवाच्या आकांताने ओरडली आणि मग पळाली. बाकीचे डोळे मिटून समुद्र ऐकत उभे होते.

तात्पर्य: मुलांनो, आपण फसलो हे चारचौघांत कधीही सांगू नये. त्याने फसलेल्यांच्या भावना दुखावतात.