देव्हाऱ्यातला जस्टिन

सोलापूरपासून बिदरपर्यंतच्या पट्ट्यात रोमन आणि बायझंटाईन नाणी माझ्याइतकी अचूक ओळखणारा दुसरा माणूस नाही. हे मी नम्रपणे सांगतो. या पट्ट्यात तसा प्रयत्नच दुसऱ्या कुणी केलेला नाही, ही बाब गौण आहे.

तहसीलमधून निवृत्त झाल्यावर लोहाऱ्यात कुणी शेळ्या पाळतं, कुणी कोंबड्या. मी सम्राट पाळले.

यंदा पुण्याच्या प्रदर्शनातून एक तांब्याचं नाणं आणलं. जाडजूड, मातीनं लिंपलेलं, थेट बेसनवडी! भिंग लावलं तर सिंहासनावर एक बुवा आणि एक बाई शेजारी शेजारी बसलेले, डोक्यामागं गोल प्रभावळ. सम्राट जस्टिन दुसरा आणि महाराणी सोफिया, मुक्काम कॉन्स्टॅन्टिनोपल. असं नाणं घासायचं नसतं. शुद्ध पाण्यात बुडवून ठेवलं की माती हळूहळू सुटते. गॅरेजातून बॅटरीत घालायचं पाणी आणलं, वाटीत ओतलं आणि जोडपं बुडवलं. वाटी ठेवायची कुठं? मोरीत ठेवली तर घासली जाईल, खिडकीत ठेवली तर मांजर पिईल. आमच्या घरात न विचारता कुणी हात लावत नाही अशी एकच जागा आहे. मी बाळकृष्णाला जरा सरकवलं. नवीन नाणं आणल्याचं घरात सांगायची माझी पद्धत नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या सिद्धम्मा विरजणाला आल्या आणि त्यांना देव्हाऱ्यात पाण्यात बसलेले शंकर-पार्वती दिसले.

आपल्याकडं घरावर मोठं संकट आलं की देव पाण्यात ठेवतात आणि संकट टळेपर्यंत बाहेर काढत नाहीत. कारण मात्र कुणी विचारायचं नसतं. न विचारता जे कळतं, ते विचारून कळण्यापेक्षा नेहमी जास्तच असतं. सिद्धम्मांनी माझ्या बायकोचा, चंद्रप्रभेचा हात धरला आणि डोळ्याला पदर लावला. चंद्रप्रभेनं देव्हारा पाहिला. वाटी तिनं ठेवली नव्हती, म्हणजे मी ठेवली होती. आयुष्यात कधी देवाला हात न जोडणारा माणूस चोरून देव पाण्यात घालतो, म्हणजे डॉक्टरनं काहीतरी सांगितलं असणार.

त्या रात्री भाजीत मीठ नव्हतं. सकाळी ठेचा गायब झाला. मला वाटलं, पुण्याचा खर्च कळला. म्हणून मीही गप्प बसलो. संध्याकाळी दुकानदार गुंडाप्पा शहाळं घेऊन आला. "अण्णा, तुम्ही लई चांगले होता," म्हणाला. मला त्यातलं काही खटकलं नाही. शहाळं गोड होतं.

खरी आग पुढंच होती. आमच्या लेकीचं, निवेदिताचं तुळजापूरच्या अनिरुद्धशी जमलं होतं. दोघांनी एकमेकांना पसंत केलेलं, रविवारी सुपारी फुटायची होती. लोहाऱ्याहून तुळजापूरला एसटी पोचायला वेळ लागतो, बातमीला लागत नाही. मुलाचे वडील बाबूराव गुरुजी यांचा फोन आला. आजार लपवून सोयरीक करणाऱ्या घरी आपण सुपारी फोडत नाही, असं म्हणाले.

फोन ठेवून निवेदिता माझ्यासमोर उभी राहिली. डोळे भरलेले. "बाबा, खरं सांगा. तुम्हाला काय झालंय?"

"भूक लागलीय," मी म्हणालो. खरंच लागली होती.

स्वयंपाकघरातून हुंदका आला आणि मग सगळं बाहेर पडलं. मी जस्टिन सांगितला, सोफिया सांगितली. चंद्रप्रभेचं रडणं थांबलं. पुढं जे सुरू झालं त्यापेक्षा रडणं बरं होतं. "म्हणजे मी रोज कुणाच्या नवराबायकोला फुलं वाहतेय?" एवढाच भाग इथं छापण्याजोगा आहे.

गुरुजींना हातापाया पडून बोलावलं. मी भिंग दिलं, ग्रंथ उघडला, साम्राज्याचा नकाशा पसरला. त्यांनी शांतपणे ऐकलं. "भाऊसाहेब," ते म्हणाले, "साधा रक्तदाब लपवायला कुणी एवढं रचत नाही. आजार मोठाच दिसतोय."

निवेदितानं माझ्याकडं पाहिलं आणि ताट वाढलं. ज्वारीची भाकरी, कांदा आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. मी उपाशीच होतो. परीक्षेतला पर्यवेक्षक बघतो तसे गुरुजी माझे घास बघत होते. दुसऱ्यांदा ठेचा मागितला तेव्हा त्यांनी चष्मा काढला. "हा माणूस आजारी न्हाय," म्हणाले. एका साम्राज्याला जे जमलं नाही, ते ठेच्यानं केलं. रविवारची सुपारी कायम झाली.

मी पाणावल्या डोळ्यांनी (ठेचा तिखट होता) त्यांना पोचवायला निघालो. दारात गुरुजी थांबले. सोयरीक मोडता मोडता जुळली, हे काही साधं नाही, म्हणाले. मग आवाज खाली आणला.

"तेवढं ते जोडपं थोडे दिवस द्या की. धाकट्याचा एमपीएससीचा निकाल लागायचाय. वाटी आमच्याकडं आहे."