ऑर्विलबाबांच्या रायफलीला गोळ्या

“गोळ्यांचं काय घेऊन बसलात, बाबा? त्या मी चुटकीसरशी आणतो,” असं डेलबर्ट वडिलांना बोलून गेला आणि तिथंच फसला.

वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात हरणांचा हंगाम सोमवारी उघडणार होता. ऐंशी ओलांडलेल्या ऑर्विलबाबांना यंदा, बहुधा शेवटचंच, आपली रायफल घेऊन रानात बसायचं होतं. रायफल इटालियन लष्करानं मोडीत काढलेली. तरुणपणी त्यांनी ती हार्डवेअरच्या दुकानातल्या पिंपातून, फावडं निवडावं तशी निवडून आणली होती. तिच्या गोळ्या बनवण्याचा नाद जगानं केव्हाच सोडला होता. डेलबर्टनं आसपासच्या गावांतली सगळी दुकानं पालथी घातली. एका दुकानदारानं तर “तिच्यावर वेल चढव,” असा सल्ला दिला.

शेवटी त्याची बायको नोरीन म्हणाली, “चर्चमधल्या बायकांच्या कानावर घालते. एकीनं दुसरीला फोन करायचा आणि सगळ्यांनी प्रार्थना करायची.”

“गोळ्यांसाठी प्रार्थना?”

“तुझ्या दुकानांनी काय दिवे लावले?”

पहिल्या फोनवर निरोप होता, ऑर्विलना शेवटचं शिकारीला जायचंय, रायफलीला गोळ्या हव्यात. चौथ्या-पाचव्या फोनपर्यंत शिकार आणि रायफल गळून पडली, ‘शेवटचं’ तेवढं उरलं.

शनिवारी सकाळपासून दारात झाकलेली भांडी येऊ लागली. चीज घालून भाजलेले बटाटे, नूडल्स, कोंबडी. त्या गावात माणूस गेला की घरी अशी भांडी येतात. इथं ती माणूस जायच्या आधीच आली. पाठोपाठ काळा कोट चढवून पाद्री आले. दार ऑर्विलबाबांनीच उघडलं, हातात कोंबडीची तंगडी.

“ऑर्विल, शांत मनानं जा,” पाद्री सवयीनं बोलून गेले.

“जातोच आहे की सोमवारी. पण गोळ्या कुठायत?”

धरणी पोटात घेईल तर बरं, असं डेलबर्टला झालं. खरा प्रकार कळल्यावर भांडी घेऊन अंगणात जमलेल्या मंडळींची हसून पुरेवाट झाली. भांडं मात्र कुणीच परत नेलं नाही. शेजारची लिओटा म्हातारी तेवढी उठून घरी गेली आणि तंबाखूचा एक जुना डबा घेऊन आली. आत तांब्या-पितळेच्या सहा गोळ्या होत्या, अगदी त्याच मापाच्या.

“आमच्या हर्शेलकडे पण असलंच खूळ होतं,” ती नवऱ्याची आठवण काढत म्हणाली. “तो गेल्यावर बंदूक विकली. ह्या मात्र टाकवल्या नाहीत.”

बाबांनी डबा दोन्ही हातांनी घेतला. डेलबर्टनं म्हातारीचे दोन्ही हात धरले. आपली फजिती झाली ती अशा गावात झाली, याबद्दल त्यानं मनोमन देवाचे आभार मानले.

सोमवारी उजाडताच बापलेक रानात दबा धरून बसले. थोड्याच वेळात भरदार शिंगांचा नर पुढ्यात येऊन उभा राहिला. बाबांनी नेम धरला आणि नुसता धरूनच ठेवला. नर निवांत चरला आणि झाडीत निघून गेला.

“बाबा, मारला का नाहीत?” डेलबर्ट कुजबुजला.

बाबांनी गोळ्या एकेक करून काढल्या आणि डब्यात ठेवल्या.

“अरे, अख्ख्या गावानं देवाकडे मागून आणलेल्या ह्या. त्या काय हरणावर उडवायच्या?”