एक रुपयाची म्हैस

व्यंकटीची दुसऱ्या वेताची म्हैस एक रुपयाला विकली गेली, तेव्हा पंचशीला संध्याकाळच्या भाकरी थापत होती. फोन टुणकन वाजला. पिठाच्या बोटांतली त्यातल्या त्यात स्वच्छ करंगळी शोधून तिनं पडदा सरकवला. ‘अभिनंदन! दावणवर आपला पहिला व्यवहार पूर्ण झाला.’ तिनं तेवढंच वाचलं.

“अहो, ऐकलं का? झाला एकदाचा!”

“काय झाला?” बाहेरून आनंदराज, तिचा नवरा.

“व्यवहार!”

तव्यावरची भाकरी करपली. एरवी करपलेल्या भाकरीवर भाषण देणाऱ्या आनंदराजनं ती कौतुकानं खाल्ली. म्हैस कितीला गेली, हे मात्र दोघांपैकी कुणीही पाहिलं नाही.

चाकूरला हमरस्त्यावर पंचशीलाचं पशुखाद्याचं दुकान. आनंदराज पंचायत समितीत कारकून. पेंड न्यायला आलेला माणूस पोतं उचलता उचलता म्हणायचा, “वहिनी, कुणाची चांगली म्हैस असंल तर ध्यानात ठेवा.” किती ध्यानात ठेवणार? तिनं फोनवर ग्रुप काढला. ग्रुप भरून वाहायला लागला, तेव्हा पुण्यात कॉम्प्युटरचं काम करणाऱ्या धाकट्या दिरानं, धम्मदीपनं, तिला अ‍ॅप करून दिलं. नाव ठेवलं ‘दावण’. निलंग्यापासून हदगावपर्यंतची गाईगुरं त्या दावणीला येऊन उभी राहिली.

आता हैदराबादच्या एका कंपनीला त्यात निम्मी भागीदारी हवी होती. कंपनीच्या सृष्टी मॅडम लातूरच्याच, त्यामुळे बोलणं मराठीत झालं, पण गोड नाही झालं.

“ताई, तुमच्याकडं माणसं भरपूर आहेत. पण अ‍ॅपवर एकही सौदा पूर्ण झालेला दिसत नाही. मग या धंद्याची किंमत काय धरायची?”

खरंच होतं. लोक दावणवर म्हैस बघायचे, फोन लावायचे आणि पुढचं सगळं गोठ्यात जाऊन उरकायचे. स्थळ सुचवणाऱ्या मावशीसारखी दावणची गत झाली होती. जोडा जमला की पत्रिका साऱ्या गावाला, मावशीला सोडून.

इकडं दुकानाच्या कमाईवर अ‍ॅप पोसणं जड जात होतं. भागीदार मिळाला तर ठीक, नाहीतर दिवाळीला दावण बंद, असं नवरा-बायकोत ठरलं होतं. ठरवताना पंचशीला ‘बरं’ म्हणाली. पुढं दोन दिवस कालवणात मीठ नव्हतं आणि ते का नव्हतं, हे आनंदराजनं विचारलं नाही.

धम्मदीप सुट्टी काढून आला. “वहिनी, व्हॅल्यू वाढवायची तर सौदा इथंच झाला पाहिजे. प्रत्येक जनावराखाली हिरवं बटन टाकतो. ‘घेतली!’ दाबलं, पैसे गेले, विषय संपला. आणि दावणवर एकूण किती किमतीचा माल आहे, ते वर मोठ्या अक्षरात.”

पंचशीलाला पटलं. पटण्याच्या भरात एक गोष्ट तिच्या लक्षातून निसटली. किमतीच्या रकान्यात लोक खरी किंमत कधीच लिहीत नसत. रकाना रिकामा ठेवता येत नाही म्हणून बहुतेक जण ‘एक’ लिहायचे. काही जण तर तिथं स्वतःचा फोन नंबर लिहायचे. खरा भाव बोलायचा असेल तर फोन लावा, असा सरळ हिशेब.

आणि मग निलंग्याकडच्या गुरुपादप्पांनी हिरवं बटन दाबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते टेम्पो घेऊन व्यंकटीच्या वाडीला पोचले. व्यंकटी शेतात होता. दारात त्याची बायको साखराबाई. गुरुपादप्पांनी फोन पुढं धरला. त्यावर पंचशीलाच्या दुकानाचं नाव होतं आणि ‘व्यवहार पूर्ण’ असं ठळक लिहिलं होतं. साखराबाईला काडीचीही शंका आली नाही. नवऱ्यानं न सांगता काही करायची ही पहिली खेप नव्हती. तिनं म्हशीला हळदीकुंकू लावलं, भाकरीचा घास दिला, पदरानं डोळे पुसले आणि रिवाजाप्रमाणे दावं तेवढं काढून घेऊन म्हैस टेम्पोत चढवून दिली. गुरुपादप्पांना चहासुद्धा पाजला.

व्यंकटी परत आला तर गोठा मोकळा.

“म्हैस कुठाय?”

“तुमीच इकली की! मला इचारलं व्हतं का?”

“मी? कितीला इकली?”

“ते मला कधी सांगता व्हय तुमी? फोनवर पंचशीलाच्या दुकानाचं नाव व्हतं.”

व्यंकटीनं मोटारसायकलला लाथ मारली ती थेट चाकूरपर्यंत. टेम्पो त्यानं गाठला तो नेमका पंचशीलाच्या दुकानापुढं, कारण गुरुपादप्पा तिथं जाता जाता पेंड घ्यायला थांबले होते. नवी म्हैस, नवी पेंड.

“उतरव माझी म्हैस!”

“तुजी? नोडरी बाई, ही बगा, पावती हाय माज्याकडं,” गुरुपादप्पा पंचशीलाकडं वळून म्हणाले. “सौदा झाला. पैसे दिले.”

“किती दिले?” पंचशीलानं विचारलं.

“जेवढे लिवले व्हते तेवढे. एक रुपाया.”

पंचशीलानं डोळे मिटले. उघडले तेव्हा टेम्पोच्या मागं हॉर्न वाजवत एक पांढरी गाडी उभी होती. त्यातून सृष्टी मॅडम उतरत होत्या. धंद्याची किंमत ठरवायला त्या आजच येणार होत्या.

“जय भीम मॅडम, या, या!” आनंदराज लगबगीनं पुढं झाला. पेंडीच्या पोत्यावर त्यानं रुमाल झटकला आणि मॅडमना बसवलं. “तुमी म्हणालात तसा सौदा अ‍ॅपवर झाला बघा. तोच हा.”

“अरे वा! आणि ही गर्दी?”

“आनंदाची,” आनंदराज म्हणाला.

तेवढ्यात नांदेडकडून आलेल्या एसटीतून हदगावचे शेषेराव उतरले. धोतर सावरत, टोपी हातात घेऊन ते ‘दावणवाली बाई कोणती’ असं विचारतच आले.

“बाई, माझी बैलजोडी तुमी नऊशे कोटीची करून ठेवली! मी किमतीच्या जागी माझा नंबर टाकला व्हता. आता भावकी वाटा मागून राहिली. पोरीचा सासरा, ज्यानं चार वर्षांत फोन केला न्हाई, तो रोज बैलांची तब्येत इचारून राहिला!”

पंचशीलानं धम्मदीपकडं पाहिलं. धम्मदीपनं फोनकडं पाहिलं. वर मोठ्या अक्षरात एकूण मालाचा आकडा झळकत होता. तो आनंदराजनं कालच वाचला होता आणि हैदराबादची कंपनी आपणच विकत घ्यावी का, यावर झोप लागेपर्यंत विचार केला होता.

सृष्टीनंही तो आकडा वाचला. तिनं पर्स मांडीवरून उचलून खांद्याला लावली. निघायच्या तयारीतली बाई कशी दिसते, ते पंचशीलाला बरोबर कळलं. दावण दिवाळीपर्यंतही टिकत नाही, आजच सुटते, असं तिला वाटलं. तरी ती व्यंकटीपुढं उभी राहिली.

“दादा, चूक माझी. ते बटन आत्ता काढते. पण तुम्हाला म्हैस विकायची होती ना? यांना घ्यायची आहे. मग सांगा की तुमचा खरा भाव, इथंच मिटवून टाकू.”

एवढा वेळ साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असा ओरडणाऱ्या व्यंकटीचा आवाज एकदम खाली आला. त्यानं आजूबाजूला पाहिलं. गर्दीत त्याचा चुलतभाऊ होता, सोसायटीचा चेअरमन होता, वाडीतले चौघे होते.

“इथं? चारचौघांत?” तो पुटपुटला.

“मग तुम्ही सांगा, अप्पा.”

“अय्यो!” गुरुपादप्पा दचकले. “हिथं कसं बोलायचं?”

मग गुरुपादप्पांनी खांद्यावरचा पांढरा रुमाल काढला आणि आपल्या उजव्या हातावर पसरला. तो हात पुढं केला. भांडण करायला आलेला व्यंकटी दोन पावलं सरकला आणि त्यानं आपला हात रुमालाखाली घातला.

गर्दी आपोआप जवळ सरकली. जनावरांच्या बाजारात बोटं दाबून भाव सांगतात, तशी रुमालाखाली बोटांनी बोटं धरली, सोडली, पुन्हा धरली. व्यंकटीनं मान हलवली. गुरुपादप्पांनी भुवई चढवली. एकानं हात काढून घ्यायचा आव आणला, दुसऱ्यानं तो ओढून धरला. टेम्पोतल्या म्हशीनं मधेच रेकून आपलं मत दिलं, पण ते कुणी धरलं नाही. शेवटी रुमाल एकदा जोरात हलला आणि दोघंही हसले.

“आणि माजा रुपाया?” गुरुपादप्पांनी विचारलं.

“त्यो इसार!” व्यंकटी म्हणाला आणि गर्दी खो-खो हसली.

सृष्टी पोत्यावरून उठून पुढं आली होती. “कितीला ठरलं?”

सगळे तिच्याकडं असे बघायला लागले, जणू तिनं नव्या नवरीचं वय विचारलं होतं.

“मॅडम, ते इचारायचं नसतं,” शेषेराव समजुतीनं म्हणाले. “भावकीला कळलं की वाटा मागती, शेजाऱ्याला कळलं की उसने मागतो. भाव त्या दोघांचा.”

पंचशीला रुमालाची घडी घालणाऱ्या गुरुपादप्पांकडं बघत होती. इतकी वर्षं लोक सौदा करायला गोठ्यात का जात होते, ते तिला आत्ता उमजलं. लोक अ‍ॅपला टाळत नव्हते. अ‍ॅपवर आडोसा नव्हता.

“भाऊजी,” ती धम्मदीपला म्हणाली, “फोनवर असा रुमाल टाकता येईल का हो? दोघांनी आपापला आकडा लिहायचा, पण एकमेकांना दिसायचा नाही. अ‍ॅपनं फक्त सांगायचं, लांब आहात, जवळ आलात, जमलं.”

धम्मदीपनं डोकं खाजवलं. “येईल. पण वहिनी, मग आपल्याला तरी दिसायला पाहिजे ना, कितीला जमलं ते?”

“आपल्यालापण नाही. सौदा झाला एवढंच मोजायचं.”

सृष्टीनं खांद्यावरची पर्स पोत्यावर ठेवली. “मी थांबते. दुपारपर्यंत होईल?”

दुपारपर्यंत झालं नाही. चहा तीनदा झाला, जेवणं झाली, आणि चारच्या सुमाराला दावणवर शेषेरावांच्या बैलजोडीखाली औशाच्या एका गिऱ्हाइकानं रुमाल टाकला. शेषेराव फोन घेऊन कोपऱ्यात गेले, दुकानाकडं पाठ केली आणि फोनवर, हातावर, वर डोक्यावरून आपलं उपरणं ओढून घेतलं.

“काका, नका झाकू. कुणाला दिसत नाही ते!” धम्मदीप ओरडला.

“तुला दिसत न्हाई,” उपरण्याच्या आतून आवाज आला. “पण मला दिसून राहिलं ना!”

थोड्या वेळानं उपरणं बाजूला झालं. आतून एक घामेजला, तृप्त चेहरा निघाला.

“जमलं,” शेषेराव म्हणाले आणि टोपी डोक्यावर ठेवली.

पोळ्याच्या आधी दावणवर इतके सौदे जमले, की धम्मदीपनं पुण्याहून फोन करून ‘वहिनी, जरा दमानं’ असं म्हटलं. एसटीत, पारावर, तहसीलच्या पायऱ्यांवर माणसं डोक्यावरून टॉवेल ओढून बसलेली दिसू लागली. ऊन लागलं असेल म्हणून कुणी पाणी घेऊन जवळ गेलं, की आतून आवाज यायचा, “थांब, जवळ आलोय!”

पोळा झाला आणि सृष्टी पुन्हा आली. कंपनी तयार होती. निम्मी भागीदारी कंपनीची, निम्मी पंचशीलाची, कारभार तिच्याच हातात आणि लातूरच्या ऑफिसवर पाटी तिच्या नावाची. राहिला होता फक्त आकडा. दुकानात आनंदराज होता, रजा टाकून आलेला धम्मदीप होता, आणि पेंड घ्यायचं निमित्त काढून व्यंकटी, साखराबाई आणि निम्मं चाकूर होतं.

“तर ताई, आमच्या कंपनीनं असं ठरवलंय की—” सृष्टीनं सुरुवात केली आणि थांबली. तिनं गर्दीकडं पाहिलं. मग गळ्यातली ओढणी काढली, हातावर पसरली आणि हात पुढं केला.

पंचशीलानं हात पदराला पुसून ओढणीखाली घातला. पहिल्यांदा तिनं मान हलवली. दुसऱ्यांदाही हलवली. सृष्टीनं कपाळाला आठ्या घातल्या, पंचशीलानं हात ओढायचा आव आणला. “अगं बाई, नगं सोडू!” साखराबाई ओरडली, पण हे ती कुणाला म्हणाली ते कळलं नाही. मग ओढणी एकदा जोरात हलली. दोघी हसल्या.

लगेच सृष्टीचा फोन वाजला. हैदराबादचे साहेब होते. “कितीला ठरलं?” त्यांचा आवाज साऱ्या दुकानाला ऐकू आला.

“सर,” सृष्टी म्हणाली, “असं चारचौघांत विचारायचं नसतं.”

टाळ्या पडल्या. पेढे आले. सगळ्या गडबडीत आनंदराज मात्र खांबाला टेकून उभा होता. विचारावं तर चारचौघं, न विचारावं तर जीव राहीना. पंचशीला त्याच्याजवळ आली. शेजारच्या पोत्यावरचा त्याचाच रुमाल तिनं उचलला आणि हातावर पसरला.

“द्या हात.”

त्यानं हात आत घातला. तिनं एकेक करून त्याची बोटं दाबली. लोकांना दिसला तो फक्त त्याचा चेहरा. तो आधी गोंधळला, मग पांढरा पडला, मग लग्नात दिसला होता तसा दिसायला लागला.

“कळलं का?” तिनं विचारलं.

पहिल्याच वेळी त्याला स्वच्छ कळलं होतं. पण हात काढून न घेता तो म्हणाला, “न्हाई. परत एकदा सांग.”